ईद झाल्यावर बघू

रमजान लागला की आशाताईंना एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. ‘ईद होने दो ताई, फिर देखते.’ वहीत बाळाचे नाव असते, नऊ महिने भरलेले असतात, गोवर-रुबेलाच्या लसीची तारीख उलटून गेलेली असते. दारात उभी असलेली आई चिडून बोलत नाही, लसीला विरोधही करत नाही. पहाटे चारला उठून तिने घरादाराची सहेरी केलेली असते. दिवसभर रोजा, संध्याकाळी इफ्तारची तयारी, रात्री पुरुष तरावीहच्या नमाजाला गेले की भांडी. लस टोचली की लेकरू एखादी रात्र कणकणते, किरकिर करते, हे तिला पहिल्या बाळंतपणापासून ठाऊक आहे. महिनाभर पुढे ढकलले तर काय बिघडले, एवढाच तिचा हिशेब असतो.

हा हिशेब चुकतो, आणि तो नेमका ईदपाशी चुकतो.

पिंगळी हे परभणीहून पूर्णेकडे निघालेल्या पॅसेंजरला लागणारे पहिले स्टेशन. अशा रुळालगतच्या गावाला शहर लांब नसते. मुंबई, भिवंडी, पुणे, हैदराबादला कामाला गेलेली पोरे ईदच्या तोंडावर रेल्वेने परभणीला उतरतात आणि बायको-लेकरांसह गावाकडे येतात. घर भरते. चुलत-मावस भावंडे एका अंथरुणावर झोपतात, एका ताटात शीरखुर्मा खातात. वर्षभरात लेकरे एकमेकांच्या इतकी जवळ दुसऱ्या कोणत्याच दिवशी येत नसतील. गोवराला यापेक्षा वेगळे काही लागत नाही. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच हा आजार खोकल्या-शिंकांतून पसरू लागतो, म्हणजे आईला ‘साधी सर्दी आहे’ असे वाटत असते तेव्हाच. लस न घेतलेल्यांमध्ये गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. इतक्या वेगाने पसरणारे आजार फार थोडे. आणि लस टोचली की त्याच दिवशी अंगात ताकद येत नाही, त्याला साधारण दोन आठवडे लागतात. तेव्हा ज्या लेकराला ईदच्या गर्दीत सुरक्षित ठेवायचे, त्याची लस रमजानच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवी. ‘ईद झाल्यावर’ म्हणजे पाहुणे येऊन गेल्यावर दार लावण्यासारखे झाले.

ही नुसती भीती घालण्याची गोष्ट नाही. 2022 च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईच्या गोवंडीत, रफीनगरमध्ये एकाच कुटुंबातली तीन लहान मुले दोन दिवसांत गेली, तेव्हा महापालिका खडबडून जागी झाली. पुढच्या दोन महिन्यांत गोवराची साथ मुंबईतल्या इतर दाट वस्त्यांत, भिवंडीत, मालेगावात दिसली. करोनाच्या काळात नियमित लसीकरण मागे पडले होते, हे एक कारण. दुसरे कारण वस्त्यांत फिरणाऱ्या कोणालाही सांगता आले असते. त्या सगळ्या वस्त्या गरीब, कोंदट आणि बहुतांश मुस्लिम होत्या, आणि तिथे ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या घरांची संख्या मोठी होती. नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना जादा डोस द्यावा लागला, ‘अ’ जीवनसत्त्व द्यावे लागले, आणि घरे उघडेनात तेव्हा मशिदींच्या इमामांना आणि गल्लीतल्या डॉक्टरांना सोबत घ्यावे लागले. इमाम बोलल्यावर दारे उघडली. प्रश्न एवढाच की इमामांना बोलवायला लेकरे दगावण्याची वाट का पाहावी लागली?

गोवराबाबत आणखी एक अडचण आहे, आणि तिला धर्म नाही. मराठवाड्यात हिंदूंच्या घरात गोवर ‘देवीचा’ मानतात. कडुलिंबाचा डहाळा दारात लावतात, लेकराला अंघोळ घालत नाहीत, दवाखान्यात नेत नाहीत. शेजारच्या मुस्लिम घरातही नाव बदलून तेच चालते. इथे दोन्ही घरे अगदी एका विचाराची. अंगावर पुरळ आणि ताप दिसला की आशाताईला कळवायचे, लेकराला इतर मुलांपासून दूर ठेवायचे आणि डॉक्टर सांगतील तसे ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस द्यायचे. गोवरात जीव जातो तो बहुतेक वेळा न्यूमोनियाने किंवा जुलाबाने, आणि दोन्हींवर वेळेत उपचार होतात.

गंमत पाहा. जानेवारी 2021 मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात कुक्कुटपालनाच्या शेडमधल्या आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करायचे ठरले, दहा किलोमीटरच्या परिसरात कोंबड्यांची ने-आण थांबली. गावोगाव तेव्हा ग्रामपंचायत निवडणुकीची धामधूम होती. तरी ‘निकाल लागू द्या, मग बघू’ असे प्रशासनाला म्हणता आले नसते. कोंबडीच्या साथीला जी घाई लागते ती लेकराच्या लसीला लागत नाही, हे विचित्र आहे.

मात्र ‘नंतर बघू’ला केवळ आळस म्हणून मोकळे होणे हा आशाताईवरही अन्याय आहे आणि त्या आईवरही. या शब्दांमागे पुष्कळदा धास्ती असते. सुई टोचायला येणारा माणूस सरकारचा असतो, आणि साथीच्या काळात सरकार घरात कसे शिरते याच्या आठवणी पिढ्यान् पिढ्या टिकतात. 1897 मध्ये पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी घरांत गोरे सोल्जर घुसवले, त्याचा शेवट 22 जूनला रँडवरच्या गोळीबारात झाला. मुंबईत 9 मार्च 1898 रोजी मदनपुऱ्याच्या मुस्लिम विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून वाद पेटला, दंगल झाली, गोळीबार झाला. लोक प्लेगचे रोगी माळ्यावर, फडताळामागे लपवत, कारण रोगी सापडला की घरातून उचलला जाई आणि परत येण्याची खात्री नसे. लपवलेला रोगी सगळ्या चाळीला आजारी पाडतो, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. आजारापेक्षा तपासणारा जास्त भयंकर वाटत होता.

त्याच मुंबईत, त्याच साथीत दुसरीही एक गोष्ट घडली. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा इस्माइली खोजा जमातीचे इमाम, तिसरे आगाखान, वय अवघे एकोणीस, पुढे आले. त्यांनी जमातीसमोर उघडपणे स्वतःच्या दंडात लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही इमारत हाफकिन यांना वापरायला दिली. खोजा जमातीतले हजारो लोक मग लसीला तयार झाले. सोल्जर पाठवून जे झाले नाही ते ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाने बाही वर केल्याने झाले. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता 10 मार्च 1897 रोजी गेल्या. त्यांनाही लोकांनी घरात घेतले ते त्या आपल्या होत्या म्हणून.

दूर कशाला जा, 2020 चा रमजान आठवावा. 25 एप्रिलला पहिला रोजा झाला तेव्हा मशिदींना कुलपे होती, तरावीह घरोघरी झाली, ईदची नमाजही घरातच. गावातल्या बुजुर्गांनी आयुष्यात पहिल्यांदा ईदगाह रिकामे पाहिले, तरीही बहुसंख्य लोकांनी हे निमूट पाळले. पण त्याच्या आधीच्या महिन्यात दिल्लीच्या मरकजच्या निमित्ताने एका अख्ख्या समाजावर साथीचे खापर फुटले होते. भाजी विकणाऱ्याचे नाव विचारले जाऊ लागले. त्याचा परिणाम काय झाला? खोकला आलेला माणूस तपासणीला जायला घाबरू लागला. ‘आपले नाव पेपरात आले तर?’ ही भीती विषाणूपेक्षा वेगाने पसरली. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे निरीक्षण नोंदवले. निकाल मराठवाड्यातच लागला, पण तो किती घरांपर्यंत पोहोचला? साथीत एखाद्या जातीला, धर्माला, परगावाहून परतलेल्या मजुराला बोट दाखवणारा माणूस स्वतःच्या घरालाच धोका ओढवून घेतो, कारण पुढचा रोगी लपून बसतो आणि शेजारीच राहतो.

याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. लसीने वंध्यत्व येते, लसीत हराम पदार्थ असतात, असले संदेश मोबाइलवर फिरवणारे बाहेरून आलेले नव्हते, ते मोहल्ल्यातलेच होते. पोलिओच्या वेळीही हेच झाले होते. उत्तर प्रदेशात दारे बंद होत तेव्हा अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया हमदर्दसारख्या संस्था आणि शेकडो इमाम पुढे झाले. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी भारताला पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. ज्या मुलांना तेव्हा थेंब मिळाले त्यांना त्या थेंबांमुळे वंध्यत्व आले नाही, आज त्यांची लेकरे आशाताईच्या वहीत आहेत.

आणि हजचे काय? परभणी जिल्ह्यातून दरवर्षी हजला जाणारे बुजुर्ग निघण्याआधी मेंदुज्वराची लस घेतात, पोलिओचे थेंब घेतात. त्याशिवाय सौदी अरेबियात प्रवेशच नाही. त्या लसीच्या रांगेत कोणी हलाल-हरामचा वाद घालत नाही, ‘परत आल्यावर बघू’ म्हणत नाही. लाखोंच्या गर्दीत एक आजारी माणूस किती जणांना आजारी पाडेल हे तिथे सगळ्यांना पटते. ज्या घरातल्या दादांनी काबागृहाच्या दर्शनासाठी दंड पुढे केला, त्या घरातल्या नातवाचा दंड मात्र ईदपर्यंत राखून ठेवायचा, याला धर्माचा आधार शोधू गेल्यास सापडणार नाही.

रोजात लस चालते का, हाही प्रश्न अधूनमधून निघतो. 2021 च्या रमजानच्या वेळी सौदी अरेबियाच्या ग्रँड मुफ्तींनी आणि लखनौच्या दारुल इफ्ता फिरंगी महलने करोनाच्या लसीने रोजा तुटत नाही असे स्पष्ट केले होते. दंडातली सुई हे अन्न नव्हे, पाणी नव्हे. लेकरांच्या बाबतीत तर हा प्रश्नच नाही. नऊ महिन्यांच्या बाळाला रोजा नसतो.

साथ आणि श्रद्धा यांचे भांडण इस्लामच्या इतिहासात नवे नाही, आणि ते फार पूर्वी मिटलेले आहे. हिजरी सन 17-18 च्या सुमारास शाम देशात, म्हणजे आजच्या सीरिया-पॅलेस्टाइनच्या भागात, अमवासची प्रसिद्ध प्लेगची साथ आली. खलिफा हजरत उमर (रजि.) फौजेची पाहणी करायला निघाले होते. वाटेत सर्ग येथे साथीची खबर मिळाली. त्यांनी सल्लामसलत केली आणि माघारी फिरायचे ठरवले. सेनापती अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की हे अल्लाहच्या तकदिरीपासून पळणे नाही का? उमर यांच्या उत्तराचा आशय असा होता की आपण अल्लाहच्या एका तकदिरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदिरीकडे जात आहोत. मग अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांचा आदेश सांगितला की साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि साथीच्या गावात असल्यास तिथून पळू नये. पुढे अबू उबैदा त्याच साथीत गेले. नंतर सूत्रे हाती आलेल्या अम्र बिन आस (रजि.) यांनी लोकांना डोंगरांवर पांगायला सांगितले आणि साथ ओसरली, असे इतिहासकार सांगतात. मराठी मुलखात प्लेगच्या सालात गावे ओस पडत, माणसे माळावर, शेतात झोपड्या घालून महिनोन् महिने राहत. त्यांनी अमवासचे नावही ऐकले नसेल. दोन्हीकडची माणसे एकाच निष्कर्षाला आली होती.

तेव्हा रमजानमध्ये ज्याला ताप-खोकला आहे त्याने तरावीह घरी पढली तर त्याचा ईमान कमी ठरत नाही. कच्चा लसूण-कांदा खाऊन मशिदीत येऊ नये, इतरांना वासाचा त्रास होतो, अशी हदीस आहे. वासासाठी जिथे इतकी काळजी, तिथे खोकल्यासाठी काय म्हणावे! तरीही पहिल्या सफमध्ये बसून मास्कशिवाय खोकणारे असतात आणि त्यांना कोणी काही बोलत नाही, कारण माणूस वयाने मोठा असतो. इतरांना इजा न होऊ देणे हा हुकूकुल इबादचा, म्हणजे माणसांच्या माणसांवरच्या हक्काचा भाग आहे, आणि या हक्कांची माफी अल्लाहकडे नाही, त्या माणसाकडे मागावी लागते, असे मौलाना प्रत्येक रमजानमध्ये बयानात सांगतात. ते कर्जाबद्दल, जमिनीच्या बांधाबद्दल सांगतात. खोकल्याबद्दलही सांगायला हरकत नाही.

तापात, जुलाबात रोजा ओढून नेणाऱ्यांचेही असेच. आजारी माणसाने रोजे नंतर पूर्ण करावेत, अशी सवलत कुरआनने स्वतः दिली आहे. जुलाब लागलेला माणूस संध्याकाळपर्यंत पाण्याविना राहिला तर मूत्रपिंडावर येते. त्याला तेव्हाच क्षारसंजीवनी हवी. सवलत नाकारणाऱ्याचे कौतुक करणारे नातेवाईक त्याला दवाखान्यात न्यायला मात्र मगरिबनंतरच निघतात.

इफ्तारच्या पाण्याचे थोडक्यात. सार्वजनिक इफ्तारच्या सरबतात पडणारा बर्फ खाण्याचा आहे का, ते पाहावे. महाराष्ट्रात 2018 पासून अखाद्य बर्फ निळा असावा असा नियम आहे, पण पांढरा दिसला म्हणजे तो शुद्ध पाण्याचाच असेल असे नाही. कापलेले टरबूज झाकून ठेवावे. टाकीत मेडिक्लोरचे थेंब पडले की नाही हे एकाने रोज बघावे. एका पेल्याने दहा जणांनी पाणी पिण्यापेक्षा दहा पेले स्वस्त पडतात. वजूच्या हौदाला आणि मशिदीमागच्या रांजणांना आठवड्यातून एकदा कोरडे करावे, डेंगीचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच होतो. डासात मलेरियाचा परजीवी सापडला तोही निजामाच्याच राज्यात, सिकंदराबादला, 20 ऑगस्ट 1897 रोजी, रोनाल्ड रॉस यांना. तेव्हा परभणी त्याच राज्यात होती, आणि डास अजून गेलेले नाहीत.

पैशांचा प्रश्न निघाला तर इचलकरंजीकडे पाहावे. 2020 च्या रमजानमध्ये तिथल्या मुस्लिम समाजाने जकात-सदक्यातून 36 लाख रुपये उभे केले आणि ईदच्या दिवशी इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग सुरू झाला. त्या खाटांवर कोणाच्या नावापुढे काय लिहिले आहे, हे पाहिले गेले नाही. पिंगळीसारख्या गावाला अतिदक्षता विभाग उभारायचा नाही. त्याला लागते ते फार थोडे. जुम्म्याच्या बयानात पाच मिनिटे, आशाताईची यादी हातात घेऊन मोहल्ल्यात तिच्यासोबत चालणारी एक शेजारीण, आणि पेशइमामांच्या किंवा मशीद कमिटीच्या अध्यक्षांच्या घरातले लेकरू रांगेत पहिले. लसीकरणाची वेळ सकाळी नऊऐवजी अकरा केली, तर सहेरीनंतर डोळा लागलेल्या आया येऊ शकतील. एवढे आरोग्य केंद्रालाही जड नाही.

राहिला त्या आईचा मूळ प्रश्न. लेकरू रात्रभर रडणार आणि पहाटे चारला तिलाच उठायचे आहे. हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर दवाखान्यात नाही. मशिदीच्या भोंग्यावरून सहेरीची हाक दिली जाते, त्यातच एक वाक्य जोडता येईल. आज ज्या घरात लस झाली, त्या घराच्या भाकरी आज शेजारून जातील.